दोन किल्ल्यांचे कोडे

चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी वसलेले म्हैसूर महाराष्ट्रातील पर्यटकाला ठाऊक असते ते राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक, चंदन आणि रेशीम यांसाठी. निवृत्तीनंतर निवांतपणे राहावे असे गाव, ही त्याची आणखी एक जुनी ख्याती. अशा निवांत गावात सकाळच्या फिल्टर कॉफीबरोबर एक छोटासा नित्यनेम चालतो. दक्षिणेतील इतर अनेक शहरांप्रमाणे येथेही काही वाचक 'द हिंदू' हे इंग्रजी दैनिक उघडतात ते पहिल्या पानावरील बातम्यांसाठी नव्हे, तर पंधरा उभ्या आणि पंधरा आडव्या घरांच्या काळ्या-पांढऱ्या चौकटीसाठी. १९७१ पासून त्या दैनिकात हे शब्दकोडे येत आहे. आज ते टोपणनावे धारण करणारे भारतीय रचनाकार रचतात, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'इंडियन क्रॉसवर्ड लीग' या स्पर्धेने या छंदाला देशभराचे आखाडेही मिळवून दिले आहेत.

मराठी दैनिकांतील शब्दकोड्यांशी आपला परिचय जुना आहे. आडवे शब्द, उभे शब्द. 'कमळ' विचारले की 'पंकज' लिहावे, 'सूर्य' विचारला की 'रवी'. तेथे शब्दसंग्रह ही एकच किल्ली पुरते. 'क्रिप्टिक क्रॉसवर्ड' या नावाने ओळखले जाणारे कूट शब्दकोडे मात्र बँकेच्या लॉकरसारखे असते. लॉकरची एक किल्ली ग्राहकाजवळ, दुसरी बँकेजवळ. दोन्ही फिरल्या तरच कप्पा उघडतो. कूट कोड्याच्या प्रत्येक सूचकातही दोन किल्ल्या दडलेल्या असतात. एक असते शब्दाचा अर्थ, आणि दुसरी त्या शब्दाच्या अक्षरांची घडण. सूचकाचा एक तुकडा अर्थ सांगतो, उरलेला तुकडा अक्षरे कशी जुळवावीत ते सांगतो, आणि दोघांचे बोट एकाच शब्दाकडे वळलेले असते. गंमत अशी की हे दोन तुकडे कोठे सांधले आहेत ते रचणारा सांगत नाही. वरवर वाचता एक सरळ, कधी खट्याळ, वाक्य दिसते. त्याचा अर्थ मात्र भलतीकडेच नेतो.

उदाहरणावाचून हे पटायचे नाही, आणि इंग्रजी उदाहरणे मराठीत आणताना त्यांतील अक्षरेच हरवतात. म्हणून पुढील सूचके थेट मराठीतच रचली आहेत. कंसातील आकडा उत्तराच्या अक्षरांचा, म्हणजे कोड्यातील घरांचा.

बँकेच्या परिचयाच्या एका शब्दापासून सुरुवात करावी. 'ठेवीवर मिळते ते निमित्त (२)'. वाचताना वाटते, ठेवीवर कसले निमित्त मिळणार? पण वाक्य 'ते' या शब्दानंतर तोडून पाहावे. ठेवीवर मिळते ते काय, तर व्याज. आणि निमित्त, बहाणा, सोंग या अर्थीही संस्कृतात 'व्याज' हाच शब्द आहे. निंदेच्या बहाण्याने केलेल्या स्तुतीला आपण 'व्याजस्तुती' म्हणतो ती यामुळेच. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवून त्यांचे एक वाक्य भासवणे, ही कूट सूचकाची सर्वांत साधी रीत.

दुसरी रीत अक्षरे उलटवण्याची. 'उलट वाहणारी नदी गरीब (२)'. 'नदी' मागून पुढे वाचली की 'दीन'. दीन म्हणजे गरीब. तिसरी रीत अक्षरे विस्कटण्याची. 'बिथरलेली मगर तापलेली (३)'. येथे 'बिथरलेली' हा शब्द मगरीच्या स्वभावाविषयी काही सांगत नसून तिच्या अक्षरांना जागा बदलण्याची आज्ञा देतो. म, ग, र यांची नवी मांडणी होते 'गरम', आणि तापलेली वस्तू गरमच असते. इंग्रजीत या रीतीचे एक उदाहरण फार लोकप्रिय आहे. 'डर्टी रूम' या दोन शब्दांतील नऊ रोमन अक्षरे हलवली की नेमका 'डॉर्मिटरी' हा शब्द तयार होतो. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही त्यातील सत्य नाकारता येणार नाही.

चौथी रीत तुकडे जोडण्याची. 'मोटार आणि ओझे मिळून प्रशासन (४)', म्हणजे कार अधिक भार, कारभार. 'सापापाठोपाठ महापूर आलेले विदर्भातील शहर (४)' हे सूचक वाचून डोळ्यांसमोर नदीकाठचे बुडालेले गाव येते. उत्तर असते नागपूर. शहराच्या नावातील 'पूर' म्हणजे नगर. त्याला पाण्याचा पूर भासवणे, हीच रचणाऱ्याची हातचलाखी. आणि पाचवी रीत तर डोळ्यांदेखत चोरी करण्याची. 'एक मळभ, त्याच्या पोटात फूल (३)'. 'एक मळभ' ही अक्षरे सलग लिहून पाहिली की मधोमध 'कमळ' उमललेले दिसते. उत्तर कागदावर छापलेलेच होते. दोन शब्दांमधील कोऱ्या जागेने ते झाकले होते.

शब्दकोडे हा प्रकार जन्माला आला तो अमेरिकेत. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवारच्या अंकात आर्थर विन यांनी पहिली चौकट छापली. तिला कूटरूप दिले ते इंग्लंडने. एडवर्ड पॉवीस मॅथर्स यांनी १९२० च्या दशकात 'टॉर्केमाडा' या नावाने कोडी रचण्यास आरंभ केला. टॉर्केमाडा हे स्पेनमधील धर्मपीडक न्यायाधीशाचे नाव; छळाची हमी नावातच होती. त्यांच्यानंतर आलेले मॅकनट यांनीही दुसऱ्या एका धर्मपीडकाचे 'झिमेनेस' हे नाव घेतले, पण त्यांनी आपल्या हाताला शिस्त लावली. १९६६ मध्ये त्यांनी या कलेचे नियम ग्रंथरूपाने मांडले. त्या विचाराचे सार असे की सूचकात शब्दाचा नेमका अर्थ असावा, अक्षरांच्या घडणीची प्रामाणिक खूण असावी, आणि या दोहोंपलीकडे एकही फाजील शब्द नसावा. रचणाऱ्याने वाचकाला चकवावे, पण खोटे बोलू नये.

हा नियम म्हणजे या सगळ्या खेळाचे हृदय होय. त्याचे महत्त्व समजण्यासाठी म्हैसूरलाच परत जावे आणि त्या नगराच्या नावाचेच एक सूचक घ्यावे. 'म्हशीला छाती जोडून झालेले चामुंडीच्या पायथ्याचे शहर (३)'. म्हैस अधिक ऊर. 'ऊर' म्हणजे छाती; त्यातला 'ऊ' शेजारच्या 'स'ला जाऊन चिकटतो आणि 'म्हैसूर' तयार होते. योगायोग असा की हे निव्वळ कोडे नव्हे. महिषासुराच्या कथेशी निगडित असलेले 'महिष' आणि कन्नडमधील 'ऊरु', म्हणजे गाव, यांवरूनच या नगराचे नाव आले असे मानले जाते. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदोपत्री इंग्रजीतही त्याचे 'मैसूरु' झाले. मराठी माणूस मात्र अजून म्हशीसकट म्हैसूरच म्हणतो.

या सूचकात दोन शब्दांचा संधी करून अक्षरे लपवली आहेत. ही युक्ती इंग्रजांची नव्हे. सातव्या शतकाच्या अखेरीस किंवा आठव्याच्या आरंभी होऊन गेलेल्या दंडीने आपल्या 'काव्यादर्श' या ग्रंथाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे, म्हणजे कूटप्रश्नांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला पहिलाच 'समागता', जिच्यात पदांच्या संधीमुळे अर्थ झाकला जातो. दुसरा 'वंचिता', जिच्यात शब्दाचा रूढ अर्थ वाचकाला फसवतो. नागपूरच्या सूचकातील 'पूर' म्हणजे वंचिता. इंग्रजी कोडेकारांचा लाडका 'फ्लॉवर' हा शब्दही तसाच. वाचक फूल शोधत बसतो आणि रचणाऱ्याला अभिप्रेत असते ती 'फ्लो' करणारी, वाहणारी, नदी.

दंडीने दिलेले एक उदाहरण तर आजच्या कोणत्याही कूट कोड्यात शोभावे. त्याचा आशय असा आहे की एक नगरी आहे, तिच्या मध्यभागी अनुनासिक आहे, दोन्ही बाजूंनी ती चार वर्णांनी विभूषित आहे, आणि तिच्यात आठ वर्णांच्या नावाचे राजे आहेत. चार वर्ण म्हटल्यावर वाचकाचे मन चातुर्वर्ण्याकडे धावते, आणि तेथेच फसते. वर्ण म्हणजे येथे अक्षराचा सुटा ध्वनी. 'काञ्ची' हा शब्द सोडवला तर क्, आ, ञ्, च्, ई असे पाच वर्ण मिळतात. मध्ये अनुनासिक 'ञ्', अलीकडे दोन, पलीकडे दोन. आणि तेथील राजे 'पल्लवाः': प्, अ, ल्, ल्, अ, व्, आ आणि विसर्ग, बरोबर आठ. अर्थ पाहिला तर कांचीत पल्लवच राज्य करीत होते. मोजणी केली तरी तेच उत्तर. दोन्ही किल्ल्या फिरल्या आणि कुलूप उघडले, तेही न्यूयॉर्कच्या पहिल्या चौकटीपूर्वी सुमारे बाराशे वर्षे.

अशा कूटांचा उपयोग काय, हेही दंडी सांगतो. रसिकांच्या बैठकीतील विनोद, गर्दीत जाणकारांनी एकमेकांशी करावयाची गुप्त बातचीत, आणि परक्याला गोंधळात पाडणे. यातील दुसरा उपयोग राजनीतीला फार जवळचा. सांकेतिक लिपीतून हेरांनी वार्ता पोहोचवावी, असे सांगणारे कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' शतकानुशतके दृष्टिआड होते. त्याची पोथी १९०५ मध्ये म्हैसूरच्याच प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती लागली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने हाच धागा उलट बाजूने पकडला. जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ'चे शब्दकोडे बारा मिनिटांच्या आत सोडवण्याची स्पर्धा झाली, आणि तीत चमकलेल्या काही जणांना पुढे ब्लेचली पार्क येथील शत्रूच्या संकेतलिपी फोडणाऱ्या कचेरीचे बोलावणे आले.

सगळ्यांनाच हा प्रकार रुचला असे नाही. भामहाने तर नाक मुरडले होते. शास्त्राप्रमाणे काव्यही टीकेवाचून कळणार नसेल तर तो केवळ बुद्धिमंतांचा उत्सव. मंदबुद्धीचे बिचारे मेलेच, असा त्याचा आक्षेप. काव्यापुरता तो रास्त मानावा. कोड्याची गोष्ट वेगळी आहे. कोडे समजावून सांगितल्यावर उणे होत नाही, उलट तेव्हाच ते पूर्ण होते. उत्तर ऐकल्यावर 'असे होय!' म्हणून कपाळावर हात मारण्यात जो आनंद आहे तो स्पष्टीकरणाशिवाय मिळत नाही.

मात्र दंडीच्या विवेचनातील सर्वांत मोलाची गोष्ट सोळा प्रकारांची नाही. पूर्वाचार्यांनी आणखी चौदा 'दुष्ट' प्रहेलिका सांगितल्या आहेत, असे तो नमूद करतो आणि त्यांचे वर्णन करण्याचे टाळतो. दोष मोजू गेल्यास अंत नाही, म्हणून आपण चांगल्यांचीच लक्षणे देतो, असे त्याचे म्हणणे. कोडे अवघड असणे वेगळे आणि दुष्ट असणे वेगळे, हा भेद त्या काळीही पुरता उमगलेला होता. विसाव्या शतकात याच भेदावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि त्यात म्हैसूर व मुंबई ही दोन्ही राज्ये गुंतलेली होती.

१९४० आणि ५० च्या दशकांत बक्षिसी शब्दकोड्यांचे मोठे पेव फुटले होते. प्रवेशशुल्क भरावे, छापील चौकट भरून पाठवावी आणि घसघशीत बक्षिसाची वाट पाहावी. बंगळूरहून, म्हणजे त्या काळच्या म्हैसूर राज्यातून, निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकात 'आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स' नावाची अशी स्पर्धा येत असे, आणि त्या साप्ताहिकाचा खप मुंबई राज्यातही मोठा होता. मुंबई सरकारने आपला १९४८ चा सोडती व बक्षीस स्पर्धांवरील नियंत्रण व कर कायदा १९५२ मध्ये सुधारून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या स्पर्धांनाही लागू केला. स्पर्धा चालवणाऱ्यांनी त्याला आव्हान दिले. दरम्यान संसदेने १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा केला. त्यातील व्याख्येत शब्दकोड्याचा नावानिशी उल्लेख आहे. महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षीस नको आणि दोन हजारांहून अधिक प्रवेशिका नकोत, अशी त्याची बंधने.

प्रश्न वरकरणी कराचा आणि व्यापारस्वातंत्र्याचा होता, पण त्याच्या मुळाशी होते ते कोड्याचे स्वरूप. शब्दकोडे सोडवणे हे कौशल्य की नशीब? अशा स्पर्धांत एकाच सूचकाला दोन शब्द सारखेच लागू पडत. उदाहरणादाखल समजा, सूचक आहे 'माणसाला याची हाव असते', आणि चौकटीत 'मा' छापून पुढचे घर मोकळे ठेवले आहे. 'मान' लिहावे की 'माल'? दोन्ही चोख बसतात. त्यांतला कोणता 'बरोबर' हे आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि ते ओळखण्याचा कोणताही मार्ग सोडवणाऱ्याला उपलब्ध नसतो. दुसरी किल्ली त्याला दिलेलीच नाही. एप्रिल १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सदर स्पर्धा कौशल्याची नसून जुगाराच्या स्वरूपाची आहे आणि जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी दिलेल्या दुसऱ्या निकालात, ज्या स्पर्धेतील यश मोठ्या प्रमाणावर कौशल्यावर अवलंबून असते तिला १९५५ चा कायदा लागू होत नाही, असेही स्पष्ट केले. दंडीने वर्णन करण्याचे टाळलेली दुष्ट प्रहेलिका जणू येथे कायद्याच्या परिभाषेत सापडली. त्या काळी या स्पर्धांत पैसे घालवलेल्या कुटुंबांना हा भेद कोणी वेळीच सांगितला असता तर बरे झाले असते.

न्यायालयाच्या पायरीवरून पुन्हा राजवाड्याकडे वळावे, कारण म्हैसूरच्या एका राजाने आपल्या आयुष्याची बरीच वर्षे चौकटींतच घालवली. मुम्मडी, म्हणजे तिसरे, कृष्णराज वोडेयर यांना टिपू सुलतानाच्या पाडावानंतर १७९९ मध्ये, जेमतेम पाच वर्षांचे असताना, गादीवर बसवण्यात आले. १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला, आणि १८६८ मध्ये महाराज निवर्तले तोवर तो त्यांना परत मिळाला नाही. हाती उरलेला वेळ त्यांनी विद्या, कला आणि खेळ यांत घालवला. त्यांच्या 'श्रीतत्त्वनिधी' या प्रचंड सचित्र संग्रहाचा 'कौतुकनिधी' हा भाग पटावरील खेळांना वाहिलेला आहे. १८६१ मध्ये उभारलेल्या जगनमोहन राजवाड्यात, जेथे आता कलासंग्रहालय आहे, भिंतींवर खेळांचे पट रंगवलेले पाहावयास मिळतात.

बुद्धिबळातील घोड्याने पटावरील प्रत्येक घरात एकदा आणि एकदाच पाऊल ठेवत सारा पट फिरावा, हे कोडे महाराजांच्या विशेष आवडीचे. या अश्वगतीचा अक्षरांशी संबंध फार जुना आहे. नवव्या शतकातील रुद्रटाच्या 'काव्यालंकारा'त तो दिसतो; वेदांतदेशिकांच्या 'पादुकासहस्रा'त तर एक श्लोक घरांत ओळीने मांडून घोड्याच्या चालीने वाचला की दुसराच श्लोक निघतो. घरात एक अक्षर, आणि वाचण्याच्या दोन वाटा. उभे आणि आडवे शब्द एकमेकांची साक्ष देतात ते शब्दकोडे याहून फार दूरचे नाही.

मग मराठीने कूट शब्दकोडे आजवर फारसे का जोपासले नाही? सामग्रीची वाण नव्हती. घरोघरी उखाणे होते. कोकणात कोड्याला 'हुमाण' असा स्वतंत्र शब्दच आहे. पन्हाळ्यास जन्मलेल्या आणि बारामतीस काव्यरचना केलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) अक्षरांच्या नाना करामती करीत एकशे आठ रामायणे रचली असे सांगतात. त्यांतील 'निरोष्ठ रामायणा'त ओठ मिटावे लागणारे एकही अक्षर नाही. रामाची कथा, आणि 'म' वापरण्याची बंदी! असा हात असलेल्या भाषेला सूचके रचणे जड जाऊ नये.

अडचण आहे ती लिपीच्या स्वभावात. रोमन लिपीत स्वर आणि व्यंजने सुटी उभी असतात, म्हणून ती पत्त्यांसारखी पिसता येतात. देवनागरीत घरात बसते ते मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर. 'महाराष्ट्र' हा एवढा मोठा शब्द, पण घरे चारच. आणि शेवटच्या घरातल्या 'ष्ट्र'ला छेद देणारा उभा शब्द शोधताना 'राष्ट्र' आणि 'उष्ट्र' यांपलीकडे फार जाता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा पेच त्याहून नाजूक. 'रामाला भाला मारा' हे वाक्य कोणत्याही टोकाकडून वाचले तरी तसेच राहते. 'चिमा काय कामाची' हेही तसेच, असे आपण लहानपणी ऐकलेले असते. पण लिहून पाहावे, एका टोकाला 'चि' आहे आणि दुसऱ्या टोकाला 'ची'. कान जे माफ करतो ते चौकट माफ करीत नाही. आजच्या शुद्धलेखनात 'कवी' दीर्घ आणि 'कविता' ऱ्हस्व. तेव्हा 'कवीला ता जोडून काव्य' असे सूचक कोणी रचले तर ते वेलांटीपुरते अप्रामाणिकच ठरेल.

पण जी अडचण तीच संपत्तीही आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार या आपल्या खास वस्तू. इंग्रजी कोडेकाराच्या पोतडीत त्या नाहीत. 'राजाने पहिला काना सोडला, की सुट्टी (२)'. 'राजा'चा पहिला काना गेला की उरते 'रजा'. बँकेतील कर्मचारी वाचकांना हे सूचक सोडवण्यास क्षणाचाही वेळ लागू नये. 'दिवस लांबला, गरीब झाला (२)'. 'दिन'मधील ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली की 'दीन'. मघाशी नदी उलटी वाहून जेथे पोहोचली तेथेच आता दिवस लांबून पोहोचला. 'डोक्यावर टिंब असलेला अधीन घराण्यातला'? नाही, 'घराण्यातला' म्हटले की उत्तर विशेषण व्हावयास हवे, आणि 'वश'वर टिंब देऊन मिळणारा 'वंश' हे नाम आहे. सूचक असे हवे: 'अधीन, डोक्यावर टिंब, घराणे (२)'. एका प्रत्ययाने प्रामाणिकपणा बिघडतो तो असा.

सोडवणाऱ्यानेही हीच काटेकोर नजर ठेवावी. उत्तर सुचले की थांबू नये. सूचकातील अर्थ सांगणारा तुकडा पेन्सिलीने अधोरेखित करावा. तो बहुधा वाक्याच्या आरंभी किंवा अखेरीस असतो, मध्ये क्वचितच. मग उरलेल्या प्रत्येक शब्दाने काय काम केले ते स्वतःला सांगून पाहावे. एखादा शब्द बेकार बसलेला दिसला तर एकतर उत्तर चुकले आहे किंवा रचणारा चुकला आहे. दिवसअखेरीस एका रुपयाचा फरक लागला तरी उठू न शकणाऱ्या रोखपालाला ही शिकवण नव्याने देण्याची गरज नाही. नवख्याने सारी चौकट एका बैठकीत भरण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या दिवशी दोन सूचके उलगडली तरी पुष्कळ. दुसऱ्या दिवशी छापून येणारी उत्तरे पाहून राहिलेल्यांची घडण उलट बाजूने उकलावी. या छंदातील बहुतेक जाणकार असेच, उत्तराकडून सूचकाकडे चालत, शिकलेले असतात. आणि शक्य तर शेजारी कोणी असावे. दोघे मिळून सोडवताना एकाला अर्थ आधी दिसतो, दुसऱ्याला अक्षरे.

वाचकांनी आता पुढील तीन सूचके स्वतः सोडवून पाहावीत. तिन्हींच्या रीती वर येऊन गेल्या आहेत, त्यामुळे उत्तरांसाठी पुढील अंकाची वाट पाहावी लागणार नाही.

मुलगा लांबला, धागा झाला (२).

मेघ त्वरेने (३).

पहिल्या सुरापाठोपाठ चांदणी आलेला जिल्हा (३).